गंडमाळा, राजपुत्राची मान आणि समुद्राचं पाणी

आजचा भाग थोडा खारट आहे.

"समुद्रात डुंबलं की त्वचेचे रोग जातात." कोकणात आजोळ असेल तर हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असणार. खरूज झाली? समुद्रात जा. इसब? समुद्रात जा. गोव्यात तर एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर मुक्काम ठोकून रोज खाऱ्या पाण्याची आंघोळ करायची जुनी रीत आहे, आतल्या गावांतली माणसंसुद्धा त्यासाठी येतात. आपल्याला वाटतं ही आज्जीच्या बटव्यातली गोष्ट. पण डॉक्टरने चिठ्ठीवर "समुद्र" असं लिहून द्यायचं, हा प्रकार जोरात सुरू झाला इंग्लंडमध्ये, साधारण पावणेतीनशे वर्षांपूर्वी. आणि त्याच्या मुळाशी एक रोग आहे, ज्याचं नावही आता आपण फारसं घेत नाही. गंडमाळा.

१७१२ साली एक बाई आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन लिचफील्डहून लंडनला गेली. मुलाच्या मानेत गाठी होत्या. तिथे त्या काळची राणी, क्वीन ॲन, हिने त्या मुलाला हात लावला आणि त्याच्या गळ्यात सोन्याचं एक छोटं नाणं घातलं. झाले उपचार. कारण राजाच्या स्पर्शाने हा रोग बरा होतो अशी तिथली समजूत होती, रोगाचं नावच "राजाचा रोग" पडलं होतं. त्या मुलाला काही गुण आला नाही. मानेवर व्रण राहिले ते आयुष्यभर, नाणंही त्याने आयुष्यभर गळ्यात ठेवलं. मुलाचं नाव सॅम्युएल जॉन्सन. पुढे इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश लिहिणारा तोच.

आता गंडमाळा म्हणजे काय, ते आजच्या भाषेत सांगतो. हा टीबी. फुप्फुसाचा नाही, मानेतल्या लसिका ग्रंथींचा. ग्रंथी सुजतात, माळेतल्या मण्यांसारख्या एकीला एक लागून येतात, म्हणून आपल्याकडे हे नाव. मग त्या मऊ होतात, फुटतात, त्यातून पू येत राहतो, वरची त्वचा सडते आणि महिनोन्महिने जखम भरत नाही. म्हणजे आत ग्रंथींचा रोग आणि बाहेर दिसायला त्वचेचा. लोक घाबरायचे ते बाहेरच्या दिसण्याला. लग्न जमायचं नाही, नोकरी मिळायची नाही.

इथे एक छोटं वळण घेतो, कारण मला ते फार आवडलं. टीबीला आपल्याकडचं जुनं नाव राजयक्ष्मा. महाभारतात गोष्ट आहे की दक्षाच्या शापाने चंद्राला यक्ष्मा झाला, तो रोज झिजत गेला, आणि शेवटी प्रभास तीर्थाला, जिथे सरस्वती समुद्राला मिळते तिथे स्नान केल्यावर त्याचं तेज परत आलं. प्रभास म्हणजे आजचं सोमनाथ. इंग्लंडच्या डॉक्टरांना ही गोष्ट माहीत असण्याचं काही कारण नाही. पण झिजवणारा रोग आणि समुद्राचं स्नान ही जोडी दोन्हीकडे आहे खरी.

बरं, परत इंग्लंड. १७१४ मध्ये क्वीन ॲन वारली. तिच्यानंतर जर्मनीहून आलेल्या जॉर्ज राजाने स्पर्शाचा कार्यक्रम बंदच केला. रोग मात्र होता तिथेच. आणि मग १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने लॅटिनमध्ये एक पुस्तक काढलं: ग्रंथींच्या रोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग. दोन-तीन वर्षांतच त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि पुस्तक तुफान चाललं.

रसेल काय सांगायचा? पहाटे थंडगार समुद्रात बुडी मारा. ठीक. समुद्राचं पाणी प्या, पेलाभर नाही, चांगलं अर्धा लिटर. पोट साफ होणार हे सांगायला नकोच. आणि समुद्रातलं ताजं शेवाळ गरम करून गाठींवर चोळा. हे शेवेटचं ऐकायला सगळ्यात विचित्र वाटतं, पण थांबा. समुद्री शेवाळात आयोडीन असतं. आयोडीनचा शोधच १८११ मध्ये शेवाळाच्या राखेतून लागला आणि १८२० मध्ये जिनिव्हाचा डॉक्टर क्वांदे याने ते गलगंडावर वापरलं. आता रसेलच्या काळात मानेवरची कुठली सूज टीबीची आणि कुठली थायरॉइडची, हे ठरवायला ना मायक्रोस्कोपखाली बघायची पद्धत होती, ना रक्ताची तपासणी. मानेला सूज, म्हणजे ग्रंथींचा रोग. त्या गर्दीत काही गलगंडाचे पेशंट असतील तर समुद्रातल्या आयोडीनने त्यांना खरंच फायदा झाला असेल. आणि ते बरे झालेले लोकच सगळ्यांना सांगत सुटले असतील. न बरे झालेले कशाला सांगतील?

रसेलने आपलं बस्तान ब्रायटनला हलवलं. तेव्हा ते कोळ्यांचं गाव होतं. १७५९ मध्ये तो वारला, पण गाव चालू लागलं होतं. लोक यायचे, चाकांच्या लाकडी खोलीत बसायचे, घोडा ती खोली समुद्रात ओढत न्यायचा, आत कपडे बदलायचे आणि पलीकडच्या पायऱ्यांवरून पाण्यात. तिथे धिप्पाड बायका उभ्या असायच्या, त्यांचं काम एकच, आलेल्याला धरून पाण्यात दाबायचं. ब्रायटनची मार्था गन ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. पेशंट बिचारा गारठून ओरडतोय आणि ही बाई डॉक्टरने सांगितलेल्या बुड्या मोजून घेतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

१७८३ मध्ये ब्रायटनला युवराज आला, पुढे चौथा जॉर्ज झाला तो. वय २१. मानेतल्या ग्रंथी सुजलेल्या, डॉक्टरांनी समुद्र सुचवला. ती उंच कॉलर आणि गळ्याभोवती गुंडाळलेलं कापड, जुन्या चित्रांत दिसतं ना, त्याची फॅशन याने मान झाकायच्या नादात पाडली असं सांगतात. मान बरी झाली की नाही ते सोडा, त्याला ब्रायटन भलतंच आवडलं. त्याने तिथे घुमट-मिनारांचा महाल उभा केला, जो आजही ब्रायटनला बघायला मिळतो. त्याचा बाप, तिसरा जॉर्ज, तोही १७८९ मध्ये वेमथला आंघोळीला गेला. राणीच्या पदरी असलेल्या फॅनी बर्नीने लिहून ठेवलंय की राजेसाहेबांनी डोकं पाण्याखाली घातलं आणि शेजारच्या गाडीत लपलेल्या बँडने राजगीत सुरू केलं. आंघोळीला बॅकग्राऊंड म्युझिक.

एकदा राजघराणं आलं की पुढचं तुम्हाला माहितीये. आजच्या इन्फ्लुएन्सरसारखंच. श्रीमंत आले, घरं बांधली, नाच-गाणी आली, आणि समुद्र हे औषध राहिलं नाही, सुट्टी झाली.

ब्रायटनच्या या गर्दीत एक आपला माणूस आहे. शेख दीन महंमद. जन्म १७५९, पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता, मग आयर्लंडला गेला, तिथे १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं, दोन वर्षांत दिवाळं निघालं. आणि मग या पठ्ठ्याने ब्रायटनला जाऊन औषधी वाफेची आंघोळ आणि मालिश सुरू केली. त्याला तो म्हणायचा "शॅम्पूइंग", आपल्या चंपीवरून. केस धुवायच्या शॅम्पूला ते नाव पडलं ते पुढे. आधी लोक हसले, मग रांगा लागल्या. चौथ्या जॉर्जने त्याला अधिकृत "शॅम्पूइंग सर्जन" नेमलं. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या त्याच्याकडे ठेवून जायचे आणि तो त्या दर्शनी भागात टांगायचा. १८२० मध्ये त्याने बऱ्या झालेल्या पेशंटांच्या पत्रांचं पुस्तकच छापलं. फाइव्ह स्टार रिव्ह्यूंचं पुस्तक म्हणा ना. मला तो माणूस प्रचंड आवडतो, पण त्या पुस्तकात वन स्टार रिव्ह्यू नसणार हेही उघड आहे.

आता प्रश्न असा की हे सगळं चाललं होतं ते श्रीमंतांचं. गंडमाळा मुख्यतः गरिबांच्या पोरांना व्हायची. त्यांना समुद्र कोण दाखवणार?

१७९१ मध्ये जॉन कोकली लेट्सम नावाच्या क्वेकर डॉक्टरने पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये मार्गेटला एक हॉस्पिटल सुरू झालं, फक्त समुद्रस्नानाचं, लंडनच्या गरिबांसाठी. थेम्स नदीतून मालाची ने-आण करणाऱ्या शिडाच्या बोटींमधून पेशंट यायचे. सुरुवातीला ते फक्त उन्हाळ्यातच उघडं असायचं. ओवऱ्यांमध्ये, उघड्यावर खाटा टाकायचे, म्हणजे दिवसभर हवा आणि ऊन. चार वेळचं नीट जेवण. लंडनचा धूर नाही, दमट तळघर नाही, कारखाना नाही. आणि समुद्र. महिनोन्महिने.

पोरं सुधारायची. सगळी नाही, पण बरीच. जखमा भरायच्या, वजन वाढायचं. आणि श्रेय मिळायचं समुद्राला, पाटीवर नाव त्याचंच होतं ना.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कुणी एकाच रिलीजमध्ये पाच गोष्टी बदलल्या आणि बग गायब झाला, तर त्याचं कौतुक होत नाही, त्याला विचारतात की नक्की कशाने गेला? मार्गेटला पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या. पाणी, ऊन, हवा, अन्न, विश्रांती. आणि जवळजवळ शंभर वर्षं ते एकएक करून तपासायची सोयच नव्हती.

त्या काळात इरॅस्मस विल्सन नावाचा त्वचेचा मोठा डॉक्टर होऊन गेला. ईजिप्तमधला तो उंच दगडी स्तंभ, क्लिओपात्राची सुई, तो लंडनला आणायचा खर्च करणारा हाच. त्याने मार्गेटच्या हॉस्पिटलला घसघशीत पैसे देऊन नवीन इमारत बांधून दिली. त्याचा पुतळा आजही हॉस्पिटलबाहेर आहे. आणि साधारण त्याच वेळी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये टीबीचा जंतू दाखवला. आता कळलं की गाठींमध्ये आहे कोण. मग हेही कळत गेलं की ब्रिटनमध्ये पोरांच्या मानेतल्या गाठींचं एक मोठं कारण होतं आजारी गायींचं कच्चं दूध! दीडशे वर्षं पोरांना समुद्रात बुडवत होते आणि जंतू सकाळच्या दुधातून येत होता. तो रोग आटोक्यात आला तो दूध तापवून, गायी तपासून, आणि १९४३ मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिननंतर आलेल्या औषधांनी. मार्गेटचं हॉस्पिटल १९९६ मध्ये बंद झालं. आता तिथे फ्लॅट आहेत, सी फेसिंग.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. गंडमाळा आपल्याकडे इतिहासजमा झालेली नाही. मानेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे राहिली तर डॉक्टरला दाखवा. टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात, आणि बरं होता येतं. पूर्ण.

मग पाचपैकी खरंच काम करणारी गोष्ट कुठली? पहिला धागा सापडला तो डेन्मार्कमध्ये. निल्स फिनसेन, मूळचा फेरो बेटांवरचा, स्वतः कायम आजारी. त्याने चेहऱ्याच्या त्वचेचा टीबी घेतला. लॅटिनमध्ये त्याला लांडगा म्हणायचे, लुपस, कारण नाक-गाल कुरतडल्यासारखे दिसायचे. फिनसेनने त्यावर प्रकाश टाकला. आधी ऊन, मग कार्बन आर्क दिवा, भिंगातून एकवटलेला. पेशंट बरे झाले. पाणी नाही, मीठ नाही, फक्त प्रकाश. १९०३ चं वैद्यकाचं नोबेल त्याला मिळालं आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो गेला. तर एक व्हेरिएबल वेगळं काढता आलं. ऊन.

आता टीबी बाजूला ठेवू आणि आजच्या काळातल्या समुद्रस्नानाकडे येऊ, म्हणजे सोरायसिसकडे. आणि जागा, मृत समुद्र. इस्राएल आणि जॉर्डनच्या मधलं हे खारं सरोवर जगातली सगळ्यात खोल जमीन आहे, समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली. आपल्या अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तिथे त्याच्या दहापट. तेही मुख्यतः आपलं जेवणातलं मीठ नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोरायसिसचे लोक तिथे चार-चार आठवडे राहायला लागले आणि त्यांचे चट्टे जायला लागले. डेन्मार्क आणि जर्मनीतून तर आरोग्य व्यवस्थेच्या खर्चाने पेशंट पाठवले गेले.

परत तोच प्रश्न: पाणी की ऊन? या वेळी मात्र कुणीतरी नीट टेस्ट केली. १९९६ मध्ये छापलेल्या एका इस्राएली अभ्यासात पेशंटांचे गट पाडले. काहींनी फक्त पाण्यात उतरायचं, काहींनी फक्त ऊन घ्यायचं, काहींनी दोन्ही. फक्त पाणीवाल्यांना थोडासा फरक पडला. फक्त ऊनवाल्यांना बराच. दोन्हीवाल्यांना त्याहून थोडा जास्त. म्हणजे समुद्र अगदीच खोटा नाही, पण गाडी ओढतंय ऊन.

आणि तिथलं ऊन साधं नाही. ४३० मीटर खाली असल्यामुळे सूर्यकिरणांना हवेचा जास्तीचा थर ओलांडावा लागतो, वर बाष्पाचं धुकट. त्यात कातडी भाजणारे आखूड तरंगलांबीचे किरण जास्त अडतात, आणि सोरायसिसवर काम करणारे त्यामानाने जास्त पोचतात. १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिके या दोघांनी मोजून दाखवलं की ३१३ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण उपयोगी, आणि २९५ च्या खालचे नुसते भाजतात. त्यावरून ३११ नॅनोमीटरचे दिवे निघाले. आज आपल्या मोठ्या शहरांतल्या स्किन क्लिनिकमध्ये जी फोटोथेरपीची उभी केबिन दिसते, ती हीच. मृत समुद्राचं ऊन, कपाटात भरलेलं.

पाण्याचा वाटाही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. २००५ मध्ये जर्मनीत एक साधा प्रयोग झाला. कोरड्या, इसब होणाऱ्या त्वचेच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पाण्यात, दुसरा नळाच्या पाण्यात बुडवायचा, १५ मिनिटं. काही आठवड्यांनी मिठातल्या हाताची त्वचा जास्त ओलसर, कमी लाल, आणि तिचा अडथळा जास्त पक्का झालेला. एकाच माणसाचे दोन हात, ही आयडिया मला सुंदर वाटते. श्रेय बहुतेक मॅग्नेशियमचं.

हा भाग करायचं कारण एका श्रोत्या ताईंचा मेसेज. त्यांना सोरायसिस आहे. घरचे म्हणतात, मलमं बंद कर, महिनाभर आत्याकडे किनाऱ्यावर जाऊन राहा, रोज डुंब. ताई, मी डॉक्टर नाही, पण एवढं वाचल्यावर सांगतो. समुद्रावर जरूर जा. मलम किंवा गोळ्या मनाने बंद करू नका. स्टिरॉइड एकदम थांबवलं तर सोरायसिस पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो, अंगभर पसरू शकतो. दुसरं, आपला किनारा ४३० मीटर खाली नाही. आपल्याकडचं दुपारचं ऊन गाळून येत नाही. त्वचा भाजली तर भाजलेल्या जागी नवीन चट्टा उठू शकतो, खरचटल्या जागीही तसंच. त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन, थोडा वेळ, तेही तुमच्या डॉक्टरला विचारून. भेगा पडल्या असतील तर खारं पाणी झोंबतं, ते "औषध लागतंय" असं समजू नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ आणि ओल्या अंगावरच खोबरेल किंवा मॉइश्चरायझर.

खरजेचं उत्तर सोपं आहे. खरजेचा किडा त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून राहतो, तिथवर समुद्र पोचत नाही. डॉक्टरकडून मिळणारं पर्मेथ्रिनचं मलम, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. आणि गजकर्ण असेल तर ओल्या कपड्यांत वाळूत बसून ते वाढेलच.

राहता राहिला आपला समुद्र. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात नऊ जणांना दहा मिनिटं समुद्रात पोहायला लावून त्यांच्या त्वचेवरचे जंतू तपासले. पोहून झाल्यावर त्वचेवर समुद्रातले जंतू होते, आणि २४ तासांनंतरही काही तिथेच होते. त्यात व्हिब्रिओ कुळातलेही, ज्यातले काही उघड्या जखमेत गेले तर महागात पडतात. आपल्याकडे आंघोळीच्या समुद्रासाठी मानक आहे की १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू १०० च्या आत हवेत. मुंबईच्या किनाऱ्यावरचे आकडे अनेकदा याच्या कित्येक पट वर जातात. तेव्हा जुहूला भेळ खा, पाय भिजवा, पण चिरलेली, फुटलेली त्वचा घेऊन छातीभर पाण्यात उतरू नका. नाल्याच्या तोंडापासून लांबचा किनारा शोधा, आणि पहिल्या पावसानंतर, जेव्हा सगळी गटारं समुद्रात रिकामी होतात, तेव्हा तर अजिबात नको.

पुढच्या भागात दीन महंमदच्या त्या बुडालेल्या हॉटेलबद्दल बोलू, त्यावर एक अख्खा एपिसोड होईल. भेटूच.